घोड्याची मालिश आणि फिजिओथेरपी: खर्च किती, उपयोग काय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्याच्या आसपास रायडिंग शिकवणारे, लग्नाला घोडी देणारे, हौसेनं एखाद-दोन घोडे पाळणारे, सारंगखेड्याच्या यात्रेतून पहिल्यांदाच घोडा घेऊन आलेले, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी व्हेट (जनावरांचा डॉक्टर) नाही, घोडे सांभाळतो, त्यामुळे इथे औषधांचे डोस वगैरे मिळणार नाहीत, पण पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हे बऱ्यापैकी सांगता येईल.

मालिश आणि फिजिओथेरपी एकच ना?

नाही. मालिश म्हणजे हातानं स्नायूंवर केलेलं काम. फिजिओथेरपीत मालिश असू शकते पण त्याच्या आधी तपासणी असते, म्हणजे घोडा सरळ चालवून बघणं, दुडकीवर बघणं, गोल फिरवून बघणं, मान पाठ पुठ्ठा (कमरेमागचा मांसल भाग) हातानं चाचपणं, आणि मग व्हेटचं जे निदान असेल त्याप्रमाणे व्यायामाचा प्लॅन, गरज असेल तर मशीन, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत तपासणी. जो माणूस घोडा चालवून न बघता सरळ पाठीवर हात ठेवून सुरू होतो तो मालिश करतोय. त्यात वाईट काही नाही, पण मग फिजिओचा रेट त्याला देऊ नका.

घोड्याला याची खरंच गरज असते का? रानातल्या घोड्याला कोण मालिश करतं?

रानातल्या घोड्याच्या पाठीवर कोणी बसत नाही हो. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं, पुढचे दोन्ही पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात, म्हणजे छाती दोन खांद्यांच्या मधे अक्षरशः स्नायूंच्या झोळीत लटकलेली असते आणि शरीराचं जवळपास ६० टक्के वजन त्याच पुढच्या पायांवर. पाठीचं म्हणाल तर छातीचे १८ मणके, बहुतेक घोड्यांत कमरेचे ६, आणि आपण बसतो ते बरोबर या पुलाच्या मधे. वर स्वार, खोगीर, एकाच बाजूला झुकून बसायची सवय असलेला विद्यार्थी, त्यात दिवसातले वीस-बावीस तास दहा बाय बाराच्या खोलीत उभं राहणं. हे सगळं आपण त्याच्यावर लादलंय, त्यामुळे त्याच्या पाठीची काळजी घेणं हे लाड नाहीत, आपली जबाबदारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पण गरज आहे म्हणजे दर पंधरा दिवसांनी बाहेरचा माणूस बोलावलाच पाहिजे असंही नाही. त्याबद्दल पुढे.

एका सेशनला किती पैसे लागतात?

परदेशातले आकडे आधी सांगतो कारण ते सगळ्यांनी इंटरनेटवर वाचलेले असतात. ब्रिटनमध्ये घोड्याच्या फिजिओचं एक सेशन ढोबळमानानं ५० ते ८० पाउंड, अमेरिकेत मालिशवाले ७५ ते १५० डॉलर घेतात, पहिली तपासणी थोडी जास्त. हे रुपयात करून इथल्या माणसाशी घासाघीस करू नका, दोन्हीकडचं गणितच वेगळं आहे.

आपल्याकडे ठरलेलं रेट कार्ड नाही. घोड्यांवर काम करणारे शिकलेले फिजिओ मोजकेच, ते रेसकोर्स, पोलो आणि स्पोर्ट्सचे घोडे असलेल्या मोठ्या तबेल्यांभोवती फिरतात, आणि तुमचा घोडा बारामतीला किंवा नंदुरबारला असेल तर सेशनपेक्षा येण्याजाण्याचाच खर्च जास्त होऊ शकतो. म्हणून फोनवर नुसतं "किती घेता" विचारू नका, हे विचारा: पहिल्या तपासणीचे वेगळे पैसे आहेत का, सेशन किती मिनिटांचं, गाडीभाडं वेगळं का, चार घोडे एकाच दिवशी दाखवले तर भाडं वाटून घेता येईल का, लिहून प्लॅन देणार का, आणि आमच्या मोतद्दाराला (घोड्याची रोजची देखभाल करणाऱ्या माणसाला) शिकवणार का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "शिकवणार नाही, मीच येत राहीन" असं उत्तर आलं तर मी तरी दुसरा माणूस शोधेन.

एक हिशेब करून दाखवा ना.

समजा सेशन ३,००० रुपये आणि गाडीभाडं २,००० (हे आकडे नुसते हिशेबासाठी धरलेत, बाजारभाव समजू नका). एकट्या घोड्यासाठी बोलावलं तर एका फेरीचे ५,०००. दर पंधरा दिवसांनी वर्षभर बोलावलं तर २४ फेऱ्या, म्हणजे १,२०,०००. आता दुसरा मार्ग बघा: आधी व्हेटकडून निदान, मग फिजिओ सहा आठवड्यांत तीनदा, शेजारच्या तबेल्यातले तीन घोडे बरोबर दाखवले तर भाडं तुमच्या वाट्याला ५००, म्हणजे ३,५०० गुणिले ३ बरोबर १०,५००, आणि मधल्या दिवसांत तुमचा मोतद्दार रोज वीस मिनिटं शिकवलेले व्यायाम करतो. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी एकदा तपासणी. व्हेटची फी सोडली तर दुसऱ्या मार्गात वर्षाचे पैसे पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या आसपास लागतात आणि घोड्याला प्रत्यक्षात काम जास्त मिळतं, कारण रोजचे वीस मिनिटं हे पंधरा दिवसांतून मिळणाऱ्या एका तासापेक्षा कितीतरी जास्त होतात.

माझ्याकडे पैसे मर्यादित आहेत. आधी कशावर घालू?

क्रम सांगतो आणि या क्रमाबद्दल मी हट्टी आहे. पहिला व्हेट. दुसरा नालबंद. तिसरं खोगीर. मग दात. आणि मग फिजिओ.

कारण पाठदुखी बऱ्याचदा पाठीत सुरूच होत नाही. मागच्या पायात हलकं लंगडणं असेल, इतकं हलकं की आपल्याला दिसतच नाही, तर घोडा तो पाय वाचवायला पाठ आवळून धरतो आणि आपण पाठीवर मालिश करत बसतो. मालिशनं दोन दिवस मोकळं वाटतं, पाय तसाच, तिसऱ्या दिवशी पाठ परत आवळते, आणि आपल्याला वाटतं अजून एक सेशन पाहिजे. खुरांचं तसंच, पुढचा खूर लांब वाढून टाच खाली बसली की त्याचा ताण वर खांद्यापर्यंत जातो, त्यामुळे नालबंद पाच-सहा आठवड्यांनी आलाच पाहिजे, "अजून नाल घट्ट आहे ना" म्हणून तीन महिने ढकलायचं नाही. दातांना टोकं आली असतील तर घोडा लगामाला मान वाकडी करतो आणि मग मानेचे स्नायू दुखतात. ही कारणं तशीच ठेवून फिजिओला बोलावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

व्हेटची फी जड वाटत असेल तर सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजांची हॉस्पिटलं आहेत, परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे, साताऱ्याकडच्यांना शिरवळ जवळ, शिवाय परभणी, उदगीर, नागपूर, अकोला. जायच्या आधी फोन करून घोडे बघणारे डॉक्टर कुठल्या दिवशी असतात ते विचारून घ्या.

खोगीर बरोबर बसतं की नाही हे मला घरी कसं कळणार?

यावर थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

उन्हात तास-सव्वा तास काम करून आलात की तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सोडा, खोगीर सरळ वर उचला, मागे ओढू नका, आणि लगेच पाणी न मारता घामाचे ठसे बघा. खोगिराखाली दोन्ही बाजूंना घाम सारखा पसरलेला पाहिजे आणि मधली कण्याची पट्टी मोकळी. सगळीकडे ओलं आणि खांद्यामागे तळहाताएवढा एक गोल कोरडा दिसला तर तिथे बहुतेक इतका दाब पडतोय की घाम यायलाच जागा नाही. त्याच जागी पुढे काही महिन्यांत पांढरे केस यायला लागतात. बाजारातून घेतलेल्या घोड्याच्या पाठीवर असे पांढरे डाग खूप दिसतात आणि विकणारा सांगतो की जन्मखूण आहे. दोन्ही बाजूंना आरशासारखे समोरासमोर डाग असतील तर ते खोगिराचे आहेत.

दुसरं म्हणजे हात. घोडा मोकळा उभा करा, तोंडात चारा नको, आणि बोटांचे पेर सपाट ठेवून मानेच्या शेवटच्या उंचवट्यापासून कमरेपर्यंत कण्याच्या बाजूनं, चार बोटं सोडून, हळू आणि सारखा दाब देत या. चांगल्या पाठीत बोटांखाली स्नायू कणकेसारखा दबतो आणि परत येतो. दुखऱ्या पाठीत एका जागी आल्यावर कातडी थरथरते, पाठ एकदम खाली जाते, कान मागे जातात, शेपूट फटकन हलते. आमच्याकडे एक काठेवाडी घोडी आहे, तंग आवळला की दात दाखवायची, सगळे म्हणायचे नखरेल आहे. हात फिरवला तर डाव्या बाजूला खोगिराच्या मागच्या टोकाखाली, शेवटच्या बरगडीच्या जरा पुढे, रुपयाएवढ्या जागेवर बोट ठेवलं की पाठ सपकन खाली. खोगीर उलटं करून दाबून बघितलं तर डाव्या गादीतली लोकर गोळा होऊन अक्रोडासारखी गाठ झालेली. गादी उसवून लोकर परत भरून घेतली, तीन आठवडे तिच्यावर कोणी बसलं नाही, नुसतं लांब दोरीवर चालवणं आणि रोज हलकी मालिश. आता तंग आवळताना ती गवत चघळत उभी असते.

मालिशचा फायदा होतो याला काही पुरावा आहे का, की नुसतं बोलायचं?

आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. २००८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात मालिश केलेल्या घोड्यांच्या पाठीची दाब सहन करायची क्षमता आठवडाभरानंतरही थोडी वाढलेली दिसली, कायरोप्रॅक्टिकच्या (मणक्यांवर हातानं करायच्या उपचाराच्या) गटात त्याहून जास्त. म्हणजे दुखणं कमी व्हायला मदत होते असं म्हणता येतं. "रक्तातलं विष बाहेर पडतं", "टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) मजबूत होतो" असल्या गोष्टींना आधार नाही.

व्यायामाचा पुरावा मला जास्त पटतो. २०११ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमनं ८ घोड्यांकडून गाजर दाखवून मान-पाठ वाकवायचे व्यायाम करून घेतले, प्रत्येक व्यायाम पाच वेळा, आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने. त्या काळात घोड्यांवर कोणी बसलं नाही. अल्ट्रासाउंडवर कण्याला लागून असलेले, मणके स्थिर धरणारे स्नायू जाड झालेले दिसले. आठच घोडे आहेत हे खरं, पण ज्या गोष्टीला फक्त गाजराचा खर्च आहे तिच्याबद्दल एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

मग ते गाजराचे व्यायाम कसे करायचे?

काम झाल्यावर, अंग गरम असताना. थंड अंगावर सकाळी उठल्या उठल्या नको. जमीन सपाट आणि न घसरणारी पाहिजे, घोडा चारही पाय चौकोनात ठेवून उभा पाहिजे. गाजर लांब कापा, बारीक गोल तुकडे घशात अडकू शकतात आणि तुमची बोटंही जवळ येतात.

खालच्या बाजूचे तीन: हनुवटी छातीकडे, हनुवटी गुडघ्यांच्या मधे, हनुवटी खाली पुढच्या खुरांच्या वरच्या सांध्यांपर्यंत. बाजूचे तीन: तंगापर्यंत, कुशीपर्यंत, आणि मागच्या पायाच्या दिशेनं जेवढं जमेल तेवढं. प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद थांबवायचं, मग गाजर द्यायचं. घोडा पाय उचलून वळला किंवा झटका मारून गाजर ओढलं तर ती वेळ मोजायची नाही, तुम्ही जास्त लांब नेलंत, जरा अलीकडे करा. पहिल्या आठवड्यात तंगापर्यंत मान आली तरी खूप. एका बाजूला येते आणि दुसऱ्या बाजूला येत नाही असं दिसलं तर ते लिहून ठेवा आणि व्हेटला सांगा, ही फुकटात मिळालेली माहिती आहे.

मानेला मार लागला असेल, ताजी जखम असेल, किंवा व्हेटनं मानेचा काही त्रास सांगितला असेल तर हे विचारल्याशिवाय करू नका.

आमचा मोतद्दार रोज खरारा (ब्रशनं अंग घासणं) आणि मालिश करतो. ते पुरेसं नाही का?

निरोगी घोड्याला बऱ्याचदा पुरेसं असतं, आणि मला हे मोठ्यानं सांगायचंय कारण आपल्याकडे या कामाची किंमत कोणी करत नाही. खरारा, मग हातानं जोर लावून मान, खांदा, पाठ, पुठ्ठा रगडणं, ही पद्धत आपल्याकडच्या पागांमध्ये आणि रेसच्या तबेल्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलीये. चांगला मोतद्दार रोज त्याच घोड्यावर हात फिरवतो, त्यामुळे कालच्यापेक्षा आज कुठे गरम लागतंय, कुठे सूज आहे, कुठे घोडा अंग चोरतोय हे त्याला सगळ्यात आधी कळतं, महिन्यातून एकदा येणाऱ्या कुठल्याही माणसाला ते कळणं शक्य नाही.

पण त्याला वेळ द्यायला पाहिजे. एका माणसाकडे आठ घोडे दिले तर तो मालिश कसली करणार, शेण काढून चंदी (दाणा) घालून दिवस संपतो. तीन-चार घोड्यांना एक माणूस, पगार वेळेवर, आणि फिजिओ येईल तेव्हा त्याला बाजूला उभं करून शिकायला सांगणं, यावर घातलेला पैसा मी सगळ्यात फायद्याचा समजतो. मालिश करताना त्याच्या हाताला काय जाणवलं ते रोज विचारा पण.

किती दिवसांनी सेशन घ्यावं?

ठरावीक नाही. दुखापतीतून बाहेर येतोय तर सुरुवातीला आठवड्या-दोन आठवड्यांनी, मग अंतर वाढवत जायचं. रोजचं रायडिंग स्कूलचं काम करणारा घोडा, काही तक्रार नाही, तर तीन-चार महिन्यांनी एक तपासणी ठीक. सेशननंतरचा दिवस सुट्टी किंवा नुसतं चालवणं, लगेच उड्या मारायला नेऊ नका. तीन सेशन झाली आणि काहीच फरक नाही तर चौथं घेऊ नका, घोडा परत व्हेटला दाखवा.

मालिश कधी अजिबात करायची नाही?

ताप असेल तेव्हा (घोड्याचं नॉर्मल तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, थर्मामीटर प्रत्येक तबेल्यात पाहिजेच), ताजी सूज किंवा जखम असेल तेव्हा, हाड मोडल्याची शंका असेल तेव्हा, पोटशूळ असेल तेव्हा, नायट्यासारखा पसरणारा त्वचारोग असेल तेव्हा, कारण मालिशवाल्याच्या हातातून तो पुढच्या घोड्यावर जातो. गाभण घोडीला व्हेटला विचारून.

आणि एक अगदी नीट लक्षात ठेवा. दोन दिवस सुट्टी आणि पूर्ण चंदी, तिसऱ्या दिवशी जोरात काम, आणि घोडा एकदम पुठ्ठा दगडासारखा कडक करून उभा राहिला, घामाघूम, पाऊल टाकत नाही, लघवी कॉफीसारखी काळपट झाली, तर हे स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात जातंय याचं लक्षण आहे आणि ते मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं. इथे लोक हमखास दोन चुका करतात, जोरात रगडायला लागतात आणि "चालवला की मोकळा होईल" म्हणून ओढून चालवतात. दोन्ही करू नका. जागेवर उभा ठेवा, पाणी पुढे ठेवा, व्हेटला त्याच मिनिटाला फोन.

टेंडन गेलाय. मालिशनं लवकर भरेल का?

नाही. घोड्याच्या पुढच्या गुडघ्याच्या खाली जवळपास स्नायूच नाहीत, टेंडन, लिगामेंट, हाड आणि कातडी, त्यामुळे तिथे "मोकळं" करायला काही नाही. पहिले दोन-तीन दिवस बर्फ किंवा थंड पाणी, पट्टी, विश्रांती, व्हेट, आणि अल्ट्रासाउंड स्कॅन करून घ्या. पायाच्या मागचा मोठा टेंडन नीट फाटला असेल तर भरायला नऊ ते बारा महिने धरून चला.

फिजिओचा खरा उपयोग इथे आहे, पण तो हातात नाही, वेळापत्रकात आहे. रोज किती मिनिटं हातानं चालवायचं, कधी वाढवायचं, दुडकी कुठल्या महिन्यात सुरू करायची, कुठल्या जमिनीवर, हे सगळं स्कॅन बघून ठरतं. घोडा दोन महिन्यांत लंगडायचा थांबतो आणि मालकाला वाटतं झालं बरं, पळवा, आणि दुसऱ्यांदा गेला की मग मामला अवघड होतो. चांगला फिजिओ तुम्हाला याच टप्प्यावर अडवतो. त्या अडवण्याचे पैसे आनंदानं द्या.

लेझर, मॅग्नेटची झूल, मसाज गन, पाण्यातली ट्रेडमिल, काय घेऊ?

विकत घेण्याआधी भाड्यानं किंवा फिजिओच्या मशीनवर वापरून बघा. लेझर आणि पल्स मॅग्नेटिक मशीनचा काही ठिकाणी उपयोग होतो पण निदान आणि सेटिंग बरोबर पाहिजे, नुसता लाल दिवा फिरवून काही होत नाही. साध्या मॅग्नेटच्या झुलीवर मी पैसे घालणार नाही. शॉकवेव्ह (मशीननं जोरदार ध्वनिलहरी सोडून करायचा उपचार) हे व्हेटचंच काम आहे, त्यानं काही काळ दुखणं दबतं म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये स्पर्धेच्या आधीच्या दिवसांत ते करायला बंदी असते. पाण्यातली ट्रेडमिल छान गोष्ट आहे पण आपल्यातल्या बहुतेकांच्या आवाक्यात नाही, त्याऐवजी जमिनीवर ठेवलेले चार-पाच बांबू चालीवर ओलांडायला लावणं आणि हलक्या चढावर चालवणं यानं पाय उचलायचं आणि पाठ वापरायचं बरंचसं काम होतं.

मसाज गन घेतलीच असेल तर सगळ्यात कमी स्पीड, फक्त जाड स्नायूवर, कण्यावर, खांद्याच्या हाडावर आणि गुडघ्याखाली कधीच नाही. आणि आधी आवाजाची सवय लावा.

मालिशवाल्यानं सांगितलं "कमरेचं हाड सरकलंय, मी बसवून देतो". खरं असतं का?

यावर माझा खरंच जीव तुटतो. घोड्याची कंबर म्हणजे प्रचंड मोठी हाडं आणि अतिशय जाड लिगामेंटनी बांधलेला सांधा आहे, वर जाडजूड स्नायू, ती माणसाच्या हातानं सरकत नाही आणि बसतही नाही. खरंच सरकली असती तर घोड्याला उभं राहणंही मुश्किल झालं असतं. हातानं केलेल्या कामानं स्नायू सैल होतात, दुखणं कमी होतं, त्यामुळे कंबर सारखी दिसायला लागते, एवढंच. आमच्या ओळखीतल्या एका माणसाच्या घोड्याची कंबर अशीच दर महिन्याला "बसवून" दिली जात होती, पाठीमागे दोरी लावून पाय ओढून. शेवटी व्हेटनं बघितलं तर मागच्या पायाच्या ढोपराच्या सांध्यात त्रास होता. तेवढे महिने त्या मुक्या जनावरानं विनाकारण सहन केलं. पाय दोरीनं ओढणारा, अंगावर चढून दाबणारा, "कट्" असा आवाज काढून दाखवणारा माणूस असेल तर नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

कोणाला बोलवावं? काही लायसन्स असतं का?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ प्रमाणे जनावरांवर उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. त्यामुळे निदान, इंजेक्शन, औषध हे फक्त व्हेट. फिजिओ किंवा मालिशवाल्यानं व्हेटच्या सांगण्यावरून आणि त्याच्याशी बोलून काम करायला पाहिजे. ब्रिटनमध्ये तर व्हेटनं पाठवल्याशिवाय फिजिओ दुखणाऱ्या घोड्याला हात लावत नाही. आपल्याकडे माणसांचे फिजिओ परदेशी कोर्स करून घोड्यांकडे वळतात, काही व्हेट स्वतः पुढचं शिकतात. कुठे शिकलात, किती महिन्यांचा कोर्स होता, घोडे प्रत्यक्ष हाताळले होते का की सगळं ऑनलाइन, हे विचारायला लाजू नका, आणि "तुमचं माझ्या व्हेटशी बोलणं करून देतो" म्हणून बघा. चांगल्या माणसाला त्यात आनंदच होतो.

माथेरानसारख्या ठिकाणी तट्टू दिवसभर पर्यटक वाहतात. त्यांना फिजिओ परवडणार कसा?

त्यांना फिजिओपेक्षा वजनाचा काटा जास्त उपयोगी आहे. २००८ मध्ये ओहायोत ८ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं लादून बघितलं, तेव्हा २५ आणि ३० टक्क्यांना स्नायूंचं दुखणं आणि आखडणं ठळकपणे वाढलेलं दिसलं. म्हणून साधारण २० टक्क्यांची मर्यादा सांगितली जाते. आता ३०० किलोचं तट्टू धरा, २० टक्के म्हणजे ६० किलो, आणि त्यातच खोगीर आलं. म्हणजे वर बसणारा पन्नासच्या आसपास. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस दस्तुरी नाक्यापासून चढावर बसवला तर त्या संध्याकाळी कितीही मालिश करा. पर्यटकांनीही हे समजून घ्यायला पाहिजे, वजन जास्त असेल तर चालत जा, रस्ता सुंदर आहे.

घोडेवाल्यांसाठी: दुपारी तंग सोडून एक तास मोकळा उभा करा, खोगिराखालचं कांबळं रोज धुऊन वाळवा (वाळलेला घाम आणि लाल माती मिळून पॉलिश पेपर होतो), आणि संध्याकाळी दहा मिनिटं पाठ रगडा. तीन-चार घोडेवाल्यांनी मिळून वर्षातून दोनदा व्हेट आणि फिजिओ एकाच दिवशी बोलावला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार येत नाही.

लग्नाची किंवा नाचणारी घोडी असेल तर?

डांबरी रस्त्यावर तासन् तास उभं राहणं आणि मागच्या दोन पायांवर उठणं, दोन्हीचा ताण मागचे सांधे आणि कंबर यांवर. सीझनमध्ये लागोपाठ तारखा घेऊ नका, मिरवणुकीनंतर पाय थंड पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धुवा, दुसऱ्या दिवशी मऊ मातीवर नुसतं चालवा. सारंगखेड्याला लाखांत किंमत लागणारी घोडी असते आणि तिच्या सांध्यांची तपासणी कधीच झालेली नसते. घेताना व्हेट बरोबर न्या.

तेल कुठलं वापरू?

कोरड्या हातानं किंवा मऊ गवताच्या बोळ्यानं मालिश उत्तम होते. मोहरीचं तेल लावायची पद्धत आहे पण केसात तेल राहतं, धूळ चिकटते, वर उन्हात उभा केला तर कातडी तापते. आग होणारी मलमं पट्टीखाली कधीच लावू नका, फोड येतात. स्पर्धेचा घोडा असेल तर मिरचीतलं कॅप्सेसिन असलेलं काही लावू नका, ते बंदीच्या यादीत आहे. रेसच्या घोड्याला तर ट्रेनर आणि क्लबच्या व्हेटला विचारल्याशिवाय बाहेरचं काहीच नाही.

विम्यात हा खर्च मिळतो का?

आपल्याकडचा जनावरांचा विमा मुख्यतः मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतो. फिजिओ खिशातूनच धरा.

घोडा म्हातारा झालाय, काम करत नाही. त्याच्यावर खर्च करावा का?

हो. ज्यानं पंधरा वर्षं मुलांना शिकवलं त्याच्या सांध्यांसाठी वर्षातून दोनदा तपासणी आणि रोज मोकळं फिरायला जागा एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो. म्हाताऱ्या घोड्याला खोलीत बांधून मालिश करण्यापेक्षा दिवसभर सोडून ठेवणं जास्त उपयोगाचं, चालत राहिला की सांधे चालत राहतात. मालिश हलकी, आणि पाय उचलताना फार वर नको.

पैसे वसूल झाले की नाही हे कसं ओळखू?

सेशन चालू असताना घोडा जांभया देतो, ओठ चाटतो, मान खाली सोडतो, सगळ्यांना बरं वाटतं. त्याला आराम वाटतोय एवढंच त्यातून कळतं, दुखणं बरं झालं असं नाही.

मोबाइलवर व्हिडिओ काढा. पहिल्या सेशनच्या आधी, कडक सपाट जमिनीवर, सैल दोरीवर, दुडकी, एकदा लांब जाताना, एकदा समोरून येताना, एकदा बाजूनं. दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच माणसाच्या हातात, त्याच वेळेला परत. बरोबर वहीत तीन गोष्टी: तंग आवळताना काय करतो, डाव्या आणि उजव्या वळणात फरक आहे का, आणि स्वार वर चढताना पाठ खाली सोडतो का. स्वार शक्यतो एकच ठेवा, नाहीतर घोडा बदलला की स्वार बदलला हे कळत नाही. सहा आठवड्यांनी पहिला आणि शेवटचा व्हिडिओ व्हेटला आणि फिजिओलाही दाखवा, पण फिजिओला सांगू नका कुठला आधीचा आहे, त्याला ओळखू द्या. त्याला ओळखता आला नाही तर पुढचं सेशन थांबवून घोडा नव्यानं तपासायला द्या.